काळी तार

वायर जळाल्याचा वास आला की मले तेलीबांध्यातलं ते नवं घर आठवते. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, अन् वायरिंग करणाऱ्या बाबांना उसंत नव्हती. मी डबा घेऊन गेले, तेव्हा ते बंद पडलेल्या बल्बखाली उभे होते. "करंट येऊन राहिला, काळ्या तारेनं वापस जाऊन नाही राहिला," ते म्हणाले. दुपारभर शोधल्यावर छताजवळ जळका जोड सापडला. "भैया, और कितना टाइम?" घरमालकीण म्हणाली. "हव दीदी, हो गया." मग दोन तारा माझ्यापुढे धरून बाबांनी हळूच विचारलं, "पोरी, यातली काळी कोणती?" दुसरी लालभडक होती. मी बोट ठेवलं. बल्ब लागला, त्याच्याकडे न बघता ते औजारं आवरू लागले. बाबांनी मले रंग विचारला, हे आईले मी अजून सांगितलं नाही.