कलाबाई आणि तिसरा झटका

तिगावात कुणाच्या विहिरीत बादली पडली की लोक आधी पाडणाऱ्याला बोलत आणि मग कलाबाईला बोलावणं धाडत. कलाबाई म्हणजे स्टेशनवरच्या दादाराव पॉइंट्समनची बायको. हातातलं काम टाकून ती येई, लुगड्याचा काष्टा कसून मारी, कमरेला दोर बांधी, काखेत एक धोंडा घेई आणि डोळे मिटून पाण्याखाली जाई. डोळे मिटून, कारण विहिरीच्या तळाशी नुसता गाळ. उघडे ठेवून दिसणार काय? तळ ती पायांनी चाचपायची. अंगठ्याला कडी लागली की काम झालं. दोराला एक झटका म्हणजे ढील द्या, दोन झटके म्हणजे ओढा. दोर धरायला नेहमी दादाराव. तीस वर्षांत कलाबाई रिकाम्या हातानं वर आली नव्हती. बादल्या, घागरी, पितळेचे गुंड, एकदा तर शाळेची घंटा. ती विहिरीत कशी पोचली, हे मास्तरांनी बदली होईपर्यंत सांगितलं नाही.

या कामाचा रिवाज ठरलेला होता: संत्र्याच्या दिवसांत टोपलंभर संत्री. सगळे देत. नत्थूजीही देत, पण झाडाखाली गळून पडलेली. नत्थूजींचा बगीचा गावात सगळ्यात मोठा आणि त्यांच्या विहिरीवरचा दोर सगळ्यात जुना. दोर कसला, गाठींची माळ. आठ-पंधरा दिवसांनी तुटायचाच. नवा घ्यायचा तर पांढुर्ण्याच्या बाजारात पैसे मोजावे लागतात, आणि कलाबाईला बोलवायला नुसती हाक पुरते.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात दादारावनं रेल्वेचा पास काढला. अशीच एक बादली वर काढून कलाबाई लुगडं पिळत होती, तेव्हा शेजारच्या शांताबाईनं विचारलं, "काय व, गोव्याले जाऊन राहिली म्हणते?"

"हो ना. समुद्राचा तळ पाहून येतो."

नत्थूजी आपल्या विहिरीच्या पाळीवर बसून दात कोरत होते. "समुद्र काय माही विहीर आहे? तिथी बादल्या नाही पडत, कलाबाई. जहाजं पडते."

"मग जहाज आणतो."

"जहाज राहू दे. तळातून एक वस्तू आणून दाखव. आणली तर पुढची बादली मी सोता उतरून काढीन. नाही आणली तर जलमभर फुकट काढशीन."

"आता कोणतं देऊन राहिले, नत्थूजी? तुमचे संत्रे तर बकरी बी हुंगून सोडते."

बायका हसल्या. नत्थूजी उभ्या जन्मात गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कलाबाई हसली नाही. तिला संत्र्यांचं काही नव्हतं. रिकाम्या हातानं परतली तर तीस वर्षांचं नाव हा माणूस दर बाजाराला धुऊन काढील, हे तिला दिसत होतं.

"शांताबाई, ऐकलं ना?"

"ऐकलं बाई. साऱ्याईनं ऐकलं."

तीन गाड्या बदलून दोघं वास्कोला उतरली आणि जवळच्या एका लहानशा किनाऱ्यावर गेली. ऊन स्वच्छ होतं. कलाबाईनं काष्टा मारला, धोंडा काखेत घेतला आणि समुद्रात शिरली. समुद्र तिला घेईना. खारं पाणी तिला बुचासारखं वर ढकली आणि लाट आली की धोंड्यासकट वाळूवर आणून टाकी. दिवसभर हाच धंदा.

"विहीर माणसाले आत घेते," ती नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली. "हा घराबाहेर काढून राहिला."

दुसऱ्या दिवशी खडकांच्या बाजूनं एक माणूस पाण्यातून चालत वर आला. पाठीवर लोखंडी टाकी, तोंडात नळी.

"गॅसचं सिलिंडर घेऊन काहून गेला असन?" दादाराव म्हणाला.

कलाबाई तोवर त्याच्यापाशी पोचली होती. त्याचं नाव परेरा. नौदलात पाणबुड्या होता. आता निवृत्त होऊन हौशी पाहुण्यांना किनाऱ्यावरूनच पाण्याखाली नेऊन आणायचा. लुगडं नेसलेली पाहुणी त्याला आजवर भेटली नव्हती.

"बाई, पोहता येतं का?"

कलाबाई खडकाजवळच्या डोहात उतरली, एक कपार धरली आणि खाली बसली. परेरानं घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग पाण्याकडे पळायला लागला. तेवढ्यात ती वर आली.

"चला," परेरा म्हणाला.

त्यानं तिच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला, पाठीवर टाकी चढवली, डोळ्यांवर काच लावली आणि एकच नियम तीनदा सांगितला: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. कलाबाईनं तीनदा मान हलवली. ती मान दादाराव तीस वर्षं पाहत आला होता.

पण दोर मात्र तिनं सोडला नाही. एक टोक कमरेला, एक दादारावच्या हाती. ती छातीभर पाण्यात गेली, लाटेनं दोराला दोन झटके दिले आणि दादारावनं इमानदारीनं ओढलं. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ती टाकीसकट पाठीवर घसरत वाळूत आली.

"अवो, मी कुठी ओढलं? समुद्रानं ओढलं."

"मले काय माहीत? दोन आले."

कलाबाईनं दादारावच्या हातचं टोक काढून नारळाच्या झाडाला बांधलं आणि नवऱ्याला समुद्राकडे पाठ करून बसवलं.

मग दोन पुरुषभर खोल पाण्यात परेरा तिला घेऊन गेला. तळ लागला. परेरानं हातानं दाखवलं, इकडे पाहा, तिकडे पाहा. बाईचे डोळे मिटलेले. बुडबुडे येताहेत का पाहिलं, तर एकही नाही. बाई पाय घासत एकेक पाऊल सरकत होती. मिनिट झालं, सव्वा झालं. परेरानं तिचा दंड धरून वर ओढलं, तर ती त्याला ढकलून खाली वाकली, वाळूतून काहीतरी उपसलं आणि मगच वर आली.

"श्वास का नाही घेतला?" परेरा ओरडला.

"पाण्यात कोण श्वास घेते?"

परेरानं टाकीचा काटा पाहिला. जागचा हललेला नव्हता. "एवढी हवा पाठीवर घेऊन तुम्ही दम धरून बसलात. आणि पाहिलं काय?"

"पाहाचं काय? डोये मिटून होतो." कलाबाईनं हात वर केला. हातात बादली होती. बूड अर्धं गेलेलं, अंगभर पांढरे शिंपले चिकटलेले, कडी शाबूत. "पण पायाले लागली."

परेरा वाळूवर बसला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मग म्हणाला, "परत चला. डोळे उघडे, श्वास चालू. आणि काही शोधायचं नाही."

या खेपेला कलाबाईनं ऐकलं. डोळे उघडले, तर आधी दिसले तिचेच पाय. तीस वर्षं ज्यांच्या जिवावर नाव कमावलं, ते पाय तळाशी काम करताना कसे दिसतात हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. दोन अंगठ्यांच्या मधून पिवळ्या पट्ट्यांचा मासा शांतपणे निघून गेला. हवा संपत येईपर्यंत ती खाली राहिली.

"रिकामीच आली?" दादारावनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि झाडाचा दोर सोडायला घेतला.

तिगावात बादली विहिरीच्या पाळीवर मांडली गेली. नत्थूजींनी शिंपला नखानं खरवडला, मग चाकूनं. निघाला नाही.

"हे तर माहीच बादली दिसते. गेल्या साली पडली ते."

"तुमच्या विहिरीत शिंपले कधीपासून लागून राहिले?" कलाबाईनं विचारलं.

"पण बादली म्हंजे काही समुद्राची वस्तू..."

"तळातून एक वस्तू म्हणाले होते, नत्थूजी," शांताबाई म्हणाली. "कोणची, ते नव्हतं म्हटलं. आम्ही इथीच होतो."

आठच दिवसांत नत्थूजींच्या विहिरीवरचा दोर तुटला. तो एकाच जागी, सरळ कापल्यासारखा तुटला होता असं काही लोक म्हणतात, आणि शांताबाईचा विळा त्या दिवशी पाळीवर राहिला होता असंही. जुना दोर, तुटायचाच.

दुसऱ्या दिवशी सारा गाव जमला. नत्थूजी आले ते कमरेला कोरा करकरीत दोर बांधून. बादलीसाठी जो दहा वर्षं घेतला नाही, तो स्वतःसाठी आदल्या दिवशीच पांढुर्ण्याहून आणला होता. दोराचं टोक दादारावच्या हाती, त्याच्यामागे चार गडी, आणि शेजारी कलाबाई.

"एक झटका म्हंजे ढील, दोन म्हंजे ओढा," तिनं समजावलं. "ध्यानात ठेवा, नत्थूजी."

नत्थूजी गेले. पाणी पोटाला लागलं आणि दोराला झटके यायला लागले. एक, दोन, तीन.

"तीन आले," दादाराव म्हणाला. "तिनाचं काय ठरलं होतं?"

कलाबाईनं थोडा विचार केला. "तीन म्हंजे एक आन दोन. पह्यले ढील द्या, मंग ओढा."

दादाराव इमानदार माणूस. त्यानं ढील दिली. खालून मोठा आवाज आला आणि मधेच बंद झाला. मग त्यानं ओढलं.

नत्थूजी पाळीवर आले तेव्हा मिशा सरळ खाली लोंबत होत्या आणि तोंडातून पाणी गळत होतं. कलाबाईनं त्यांच्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं.

"रिकाम्या हातानं आले, नत्थूजी. परत जाता?"

नत्थूजींनी बगीच्याकडे तोंड केलं आणि गड्याला हाक मारली. "एक टोपलं तोडून आण बे. झाडावरचे."

कलाबाईनं काष्टा मारला, त्यांच्या कमरेचा नवा दोर सोडून आपल्या कमरेला बांधला आणि धोंडा शोधायला लागली.