कौशीकाकूच्या पर्सची पारख

ही गोष्ट सात वर्षं माझ्या पोटात आहे. बायकोला सांगितली नाही, भावाला नाही, दुकानात रोज चहाला बसणाऱ्या मित्रालाही नाही. तो मित्र तर असा, की त्याला सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत देवरीला पोचतं. म्हणून त्याला सांगितलं नाही, असं म्हणावं — तर तेही खरं नाही. कोणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर गावात माझी जी काय एक अक्कल मानतात, तीही गेली असती.

गोष्ट एका लेडीज पर्सची आहे. हसू नका. म्हणजे — हसा, बरीचशी हसण्यासारखीच आहे. पण हसून झालं की थोडं थांबा.

माझं कोहमाऱ्याला बॅगांचं दुकान आहे. फाट्यावर, ढाब्यांच्या ओळीत. दप्तरं, प्रवासाच्या बॅगा, सुटकेस. शिवाय चेन बसवणं, ती ओढायचा रनर बदलणं, तुटलेला पट्टा शिवणं. गाव केशोरी. आणि गावात माझी ख्याती अशी, की दिगंबर म्हणजे चामड्याचा माणूस. का? तर तरुणपणी दीड वर्ष मी नागपूरला एका बॅगांच्या कारखान्यात होतो. आता खरं सांगू? सांगायलाच बसलोय म्हणा — त्या कारखान्यात चामडं नव्हतंच. नुसतं रेक्झिन. मी दप्तरांना रनर लावायचो, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पण लोक म्हणायचे चामडं, आणि मी ऐकून घ्यायचो. नुसतं ऐकून घेणं हे खोटं बोलणं असतं का? तेव्हा वाटायचं, नसतं.

शिवाय पारख आमच्या घरातली. बाबा धान पाहायचे. पोत्यातून मूठभर काढायचे, तळहातावर पसरायचे, फुंकर मारायचे, एक दाणा दाताखाली फोडायचे — आणि ओल किती, भेसळ किती, सांगून मोकळे. त्यांचा शब्द गिरणीवालेही मानायचे. त्यांचं एक बोलणं होतं: एकसारखा दाणा, तोच असली माल. मुठीत एक दाणा बारीक, एक जाड दिसला, की समजा कोणीतरी मिसळलंय. आमच्याकडे हे पोराटोरांना माहीत असतं. हे बोलणं लक्षात ठेवा. माझ्या वडिलांचं हेच खरं बोलणं मी एका खोट्यासाठी वापरलं.

आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. सुनंदाने — माझ्या बायकोने — कधी काही मागितलं नाही. फक्त टीव्हीवर एका बाईच्या हातात पर्स पाहून एकदा म्हणाली होती, किती सुंदर आहे ना. इटलीच्या एका कंपनीची पर्स. खूण म्हणून सोनेरी पोपट. तशी मी नागपूरच्या एका फुटपाथवरून आणली. तिथे पोपटांचा थवाच होता, पन्नास एक पर्सा दोरीला टांगलेल्या. घरी येऊन म्हणालो, ओरिजिनल आहे, ओळखीतून मिळाली. हे मी का म्हणालो? तिने विचारलंही नव्हतं. ती पर्स उशाशी घेऊन झोपली त्या दिवशी, आणि मला वाटलं — असं खोटं काय वाईट?

वाईट पुढे होतं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, जत्रेसारखी. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई, सोयरे, सगळे येतात. रात्री नाटक, पण त्याआधी अख्खी दुपार बायका अंगणात बसतात आणि नव्या साड्या, नवे दागिने, नव्या सुना पाहून घेतात. त्या वर्षी बैठक आमच्या अंगणात होती. आणि शेजारच्या कौशीकाकू आल्या — काखेत पर्स. तिच्यावर सोनेरी पोपट.

काकूंची मुलगी प्रतिभा हैदराबादला एका मोठ्या शोरूममध्ये होती, हेच काम, पर्सा विकण्याचं. दोन वर्षं चांगलं काम केलं म्हणून शोरूमने तिला एक पर्स दिली होती, ती तिने आईला पाठवली. काकूंनी ती सहा महिने जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. मंडईसाठी बाहेर काढली.

मी मागच्या पडवीत पाहुण्यांना वाढत होतो. ऐकू येत होतं सगळं.

"सुनंदे, तुह्या पर्सवर बी पोपट, माह्या बी. एकाच घरट्यातले का वो?"

"कायचे एका घरट्यातले," माझी मोठी वहिनी म्हणाली. तिची नजर फार बारीक. "हिचा पोपट इकडं पाहून रायला, तुमचा तिकडं."

"मंग भांडले असतीन."

"भांडले नाही जी काकू, एक खोटा असन."

आणि मग कोणीतरी ते म्हणालंच — "दिगूले बोलवा. चामड्याचा मानूस घरात असून आपन कायले डोकं लावाचं?"

मी हात पुसत आलो. दोन्ही पर्सा माझ्या मांडीवर ठेवल्या. पंधरा-वीस बायका. आणि तुम्हाला सांगतो, काकूंच्या पर्सला हात लावला त्याच क्षणी मला कळलं. आयुष्यभर रेक्झिन हाताळलेल्या माणसाला एवढं नक्की कळतं, की हे रेक्झिन नाही. मऊ, थंड, जिवंत असल्यासारखी. आत पाहिलं — अस्तराखालची शिलाईसुद्धा बाहेरच्याइतकी सरळ. जिथे कोणी पाहणार नाही तिथेही.

मी वर पाहिलं. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. काळजीने नाही हो — अभिमानाने. काळजीने पाहिलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो. कदाचित. कोणाला माहीत?

मी बाबांसारखं सगळं केलं. पर्स हातात तोलली. तळहातावर चोळली. वास घेतला. फुंकर मारली — पर्सवर फुंकर कशासाठी, ते मला आजही माहीत नाही. शेवटी काकूंच्या पर्सचा पट्टा दाताखाली धरून चावून पाहिला.

आणि मी म्हणालो, "हे पाहा. सुनंदाच्या पर्सवर दाणा कसा आहे? एकसारखा. आता काकूची पाहा. इथं बारीक, इथं जाड, इथं एक ओरखडा. मिसळलेला माल."

एवढंच लागलं. प्रत्येकीने दोन्ही पर्सांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. धान जन्मभर पाहिलेल्या बायका त्या, त्यांना पटणारच. पण खरं कातडं जिवंत जनावराचं असतं. ते चरलेलं असतं, त्याला काटा लागलेला असतो, त्याची खूण राहते. एकसारखा दाणा फक्त साच्यातून निघतो. हे त्या अंगणात मला एकट्यालाच माहीत होतं.

काकू म्हणाल्या, "म्हंजे माह्या पोरीले फसवलन कोनी?"

इथे तरी थांबायचं होतं. मी थांबलो नाही. मी म्हणालो, "पोरीनं तरी असली माल कुठं पाह्यला असन, काकू."

हेच. हेच ते वाक्य. पर्सला नकली म्हणणं एक वेळ भीतीतून आलं असेल. हे वाक्य कशातून आलं? कोणी मागितलं होतं? जिंकलेल्या माणसाला थोडं जास्त जिंकावंसं वाटतं, त्यातून आलं.

काकूंनी तिथेच अंगणातून हैदराबादला फोन लावला. मोबाईलवर त्या बांधावरून हाक मारल्यासारख्या बोलतात. "अवो, डुप्लिकेट आहे म्हंते दिगू... नाही वो, असा कसा चुकन? चावून पाह्यलन त्यानं."

बायका हसल्या. मीही हसलो.

पुढे गावात कोणीतरी म्हणालं, शोरूममध्ये आहे म्हणते आणि असली-नकली कळत नाही, म्हणजे तिथे झाडू मारत असेल. असं बोलणं कोण सुरू करतं, ते कधी सापडत नाही. पण या वेळी मला सापडलेलं आहे. प्रतिभा आता गावी आली आणि कोणी विचारलं, की नुसतं म्हणते, "कामाला आहे." आधी ती मिनिटभर सांगायची — काचेची कपाटं, परदेशी गिऱ्हाईक, पांढरे हातमोजे.

पुढच्या वर्षी ती दुकानात आली होती, बॅगेचा रनर बदलायला. मी काम करत असताना उभी राहून माझे हात पाहत होती. जाताना हसून म्हणाली, "काका, चामडं चावून नसतात पाहत." बस. गावात तिने एक शब्द काढला नाही. का काढला नाही? मी खूप विचार केला. त्या सकाळी ती आमच्या घरी चहाला गेली होती, आणि सुनंदाने तिला आपली पर्स मोठ्या प्रेमाने दाखवली होती. पोरीने एका नजरेत ओळखलं असणार. आणि माझ्या बायकोसाठी स्वतःचं नाव तसंच राहू दिलं. तेव्हा ती पंचवीसची होती. मी सत्तेचाळीसचा.

आता सुनंदाच्या पर्सचं ऐका. पहिल्याच पावसाळ्यात तिची साल निघायला लागली, उकडलेल्या बटाट्यासारखी. मी काय केलं? "चेन बदलून आणतो" म्हणून दुकानात नेली आणि नागपूरहून दुसरी तशीच आणून दिली. मग तिसरी. सध्या चौथी चालू आहे. सुनंदा सगळ्यांना सांगते, पाहा, सात वर्षं झाली, नवीच्या नवी. मागे एकदा आतल्या कप्प्यात हळदीची पुडी सांडली होती, मोठा डाग होता. नवी पर्स दिली तेव्हा तिने कप्पा उघडला, बराच वेळ आत पाहिलं, आणि म्हणाली, "असली मालाले डाग बी राहत नाही, पाह्य." आणि तोंड फिरवून भाजी चिरायला लागली. तिला माहीत आहे का? मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आणि काकूंची? नकली ठरल्यावर तिची उलट चांदी झाली. नकली वस्तूला कोण जपतं? काकू तिच्यात मोहफुलं वेचून आणायच्या. बियाणं ठेवायच्या. अंडी, रेशनकार्ड, गुडघ्याचं तेल. गोठ्यातल्या खुंटीला टांगलेली असायची. मागच्या महिन्यात ती घेऊन दुकानात आल्या — बकरीने पट्टा खाल्ला होता. बारा वर्षं माझ्या दुकानासमोर बकऱ्या फिरतात. पुठ्ठे खातात, कॅलेंडरं खातात, पण माझ्या एकाही बॅगेला अजून त्यांनी तोंड लावलेलं नाही. तेव्हा सांगा, अंगणात त्या दिवशी बकरीला बोलावलं असतं तर बरं झालं असतं की नाही?

मी पर्स पुसली. मोहाचा वास, तेलाचे डाग — आणि खाली रंग कसा सुंदर झालेला, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा. एक टाका निघालेला नव्हता. पोपट अजून तिकडेच पाहत होता.

काकू म्हणाल्या, "डुप्लिकेट असून टिकली नाई का गा, दिगू?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. ना बायका, ना सुनंदा. यापेक्षा सोपी वेळ कोणती असते?

मी म्हणालो, "लागते कधी कधी असा पीस."

म्हणजे एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा वीस बायकांची भीती होती म्हणावं, तर दुसऱ्यांदा तीही नव्हती. पट्टा मी चांगला शिवून दिला, खऱ्या चामड्याचा शोधून आणून. काकूंनी आशीर्वाद दिला. तो मी घेतला.

आमच्या अंगणात मंडईची बैठक दरवर्षी असते. त्याच बायका, थोड्या म्हाताऱ्या झालेल्या. काकू येतात; प्रतिभाला सुट्टी मिळाली तर तीही येते. त्या बैठकीत, सुनंदा ऐकत असताना, तेव्हा होता तेवढ्याच मोठ्या आवाजात बोलायचं माझ्याकडून राहिलेलं आहे: काकूंची पर्स असली होती, नकली आमच्या घरची होती, आणि असली माल काय असतो ते प्रतिभाला माझ्याआधी कळलं होतं. हे मी अजून बोललेलो नाही.