पुठ्ठ्याच्या गल्लीतली खिडकी

समजा, एक अख्खी गल्ली तुम्हाला जेवणाच्या टेबलावर मावेल एवढी करायची आहे. हातात पुठ्ठा, कटर आणि गोंद; खऱ्या मीटरचा एक सेंटिमीटर करायचा. नवी इमारत मन लावून कराल, पण शेजारची घरं? पुठ्ठेवाली ताई बावीस वर्षं करत आली तेच कराल: बिनखिडक्यांचे पांढरे ठोकळे. धंद्याचा रिवाजच तो. बघणाऱ्याची नजर नव्या इमारतीवरून हलता कामा नये.

यावेळी गल्लीत होऊ घातलेल्या सहा मजली इमारतीचा तिने केलेला नमुना वाचनालयात मांडला होता, लोकांनी मत द्यावं म्हणून. कोपऱ्यात स्टुलावर बसून ताई ऐकत होती.

"सहा मजले? वरच्यांना ढगांचं भाडं लावणार वाटतं!" बेकरीवाला म्हणाला.

"आणि हा रंग? कावीळ झाल्यासारखा!" त्याची बायको.

एवढं बोलून दोघंही आपलं घर शोधायला वाकले. येणारा प्रत्येक जण तेच करत होता.

मग आले घड्याळवाले काका. "पोरी, माझी खिडकी कुठंय? चाळीस वर्षं तिच्याच उजेडात बसलोय. दिव्याखाली केसाएवढी स्प्रिंग दिसत नाही मला. तो उजेड गेला की दुकान गेलं."

ताईने कटर काढला आणि काकांच्या ठोकळ्याला नखाएवढी खिडकी कापली. मग टॉर्च दुपारी चारच्या उन्हासारखा तिरपा धरला. नव्या इमारतीची सावली सरळ त्या खिडकीवर.

इमारतीचं डिझाइन करणारे साहेब मागेच उभे होते. "ताई, ठोकळे सजवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही साहेब. पण टॉर्च जरा धरता?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घालत धरला. ताईचे मजले एकावर एक नुसते ठेवलेले असायचे. तिने वरचे दोन उचलले आणि दोन बोटं मागे सरकवले. खिडकीत उजेडाची चिमूट पडली.

"अरे! आलं की ऊन!" बेकरीवाला ओरडला.

"वरच्या दोन मजल्यांवरची घरं लहान होतील," साहेब पुटपुटले.

"पण त्यांना गच्ची मिळेल," ताई म्हणाली.

साहेब हसले. "माझी नोकरी घेता की काय?" त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, नकाशावर वरच्या दोन मजल्यांची रेघ मागे ओढली आणि सोमवारी समितीपुढे हाच नकाशा ठेवतो म्हणाले.

काका ताईच्या डोक्यावर हात ठेवून गेले. हॉल रिकामा झाल्यावर ताईने एकेका ठोकळ्याला खिडक्या कापायला घेतल्या. कापता कापता तिने पुन्हा टॉर्च उचलला आणि हात थोडा खाली आणला. थंडीत सूर्य इतका वर नसतो. तेव्हा काकांना किती वाजेपर्यंत उजेड मिळेल?