साक्षीची बाटली

दिंडोरीहून निघाले तेव्हा मांडीवर शालीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या. लाखेचं सील लावलेली ही आमच्या छोट्या वायनरीची वाइन नवी मुंबईतल्या प्रयोगशाळेत द्यायची होती. माती-पाणी न नासवता द्राक्षं पिकवली, वाइन केली, अशा प्रमाणपत्राची ही शेवटची पायरी. एक बाटली तपासणीची, दुसरी साक्षीची. निकालावर शंका आली तरच ती उघडायची. बागेची पाहणी निभावली होती. भीती वाऱ्याची होती. तोडणीआधी शेजाऱ्याने औषध फवारलं, तेव्हा वारा आमच्याकडे वळलेला. त्या औषधाचा अंश वाइनमध्ये सापडला की इतक्या वर्षांचं करणं मातीमोल. कसारा घाट संपला तरी तो फवारा डोळ्यांपुढून जाईना.

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती. मुक्काम खाडीकाठच्या करावे गावात, कॉलेजातल्या मैत्रिणीकडे, शुभाकडे. आजूबाजूला टोलेजंग इमारती, पण तिच्या गल्लीत अजून सुक्या मासळीचा वास होता. जेवायला निवट्यांचं (खाडीच्या चिखलातले मासे) कालवण आणि तांदळाची भाकरी. एरवी मी ताट चाटून पुसलं असतं. त्या दिवशी अर्धी भाकरी ताटातच राहिली.

"टेन्शन नको घेऊस गं," शुभा म्हणाली. तिचे वडील, तात्या, नुसते बाटल्यांकडे बघत होते.

सकाळी उठून पाहते तो एक बाटली देव्हाऱ्यासमोर! लाख फुटलेली, बूच सुरीने आत ढकललेलं, गळ्याला कुंकू. मी धावत जाऊन शालीतली दुसरी चाचपली; तिचं सील शाबूत होतं.

"तात्या, हे काय केलंत?"

"आमचे घरान बाटली आली का पयला थेंब गावदेवीला, पोरी. तशीच कशी ठेवाची? आन तुजी त परीक्षा हाय!"

त्यांच्यावर रागावणार तरी कशी?

तुर्भ्याच्या प्रयोगशाळेतली मुलगी बाटल्या उलटसुलट बघत म्हणाली, "मॅडम, ही सीलबंद घेते. पण मग फेरतपासणी नाही हां. रिपोर्ट येईल तो फायनल. नाहीतर परत दोन सीलबंद बाटल्या आणा."

परत जावं असं फार वाटलं. पण घरी जाऊन पुन्हा ही धाकधूक सोसायची ताकद नव्हती. सीलबंद बाटली पुढे सरकवली आणि फुटक्या सीलची घेऊन घरी आले.

निकाल आला. वाइन निर्दोष. मी बागेतच रडले. तात्यांना फोन केला, तर म्हणाले, "मंग! थेंब पोचला." म्हणून त्यांनी उघडलेली तीच बाटली आणून पहिला थेंब मीही वेलीच्या बुडाशी सोडला. सील बाटलीला लावता येतं, बागेला कुठून लावणार, असं मनात येतंय, तोच बांधापलीकडे शेजाऱ्याचा फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला.

वाइनने ओली झालेली बोटं मी वर धरली. वारा आमच्याकडेच होता.