काहिलीकाठचं घड्याळ

जोतिबाच्या रस्त्याला विजयसिंहांचं गुऱ्हाळ आहे, आणि तिथं मालक कोण असं विचारलं तर गडी आधी कृष्णात गुळव्याकडं बघतात. उसाचा रस काहिलीत उकळताना गूळ कधी झाला, हे त्यानंच ठरवायचं. तो ‘‘उतरवा!’’ म्हणून ओरडला की सगळे हातातलं काम टाकून धावतात. असा माणूस एक दिवस हृदयाचे ठोके मोजणारं काळंभोर घड्याळ घालून आला, तेव्हा चुलवणात जाळ घालणारा गुंडू पोट धरून हसला होता.

घड्याळ हौसेचं नव्हतं. कृष्णातच्या हृदयाची एक नळी तुंबली आणि अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी बेतानं काम करायला परवानगी दिली, पण लेक अडून बसली. अनुजा गडहिंग्लजला शाळेत शिकवते. अख्खा वर्ग गप्प करणारी ही पोरगी बापापुढं मात्र रडकुंडीला आली. शेवटी तडजोड झाली. घड्याळ हातात असायचं, ठोके तिच्या मोबाईलवर दिसायचे, आणि दिसायचे थांबले तर गुऱ्हाळ बंद. कृष्णातनं जोतिबाची आण घेतली. गुऱ्हाळ सुटलं तर आपण नुसता म्हातारा उरणार, ही त्याची खरी धास्ती होती.

पहिला हंगाम झकास गेला. एकदा चार्ज केलेलं घड्याळ चार-पाच दिवस निवांत चालायचं. दुसऱ्या हंगामात मात्र ते एका दिवसावर आलं, आणि पुढं तर दुपारच्या भाकरीलाच मान टाकायला लागलं.

‘‘आण्णा, ठोके दिसंनात की हो!’’ लगेच अनुजाचा फोन.

‘‘अगं, हात धुवाय काढलंय घड्याळ.’’

आयुष्यात एवढ्या वेळा हात धुतले असते, तर कृष्णातच्या बायकोनं त्याची दृष्ट काढली असती.

मग त्यानं घड्याळाची सेवा मांडली. जनावर खंगलं की खुराक वाढवायचा, एवढं त्याला ठाऊक. पार रिकामं होईपर्यंत घड्याळाला चार्जर लावायचा नाही, भूक लागू द्यायची. आणि लावला की काढायचा नाही, पोटभर खाऊ द्यायचं. त्यात थंडीचे दिवस. बिचाऱ्याला ऊब मिळावी म्हणून चार्जिंगला ते चुलवणाशेजारच्या गरम भिंतीवर ठेवायचं. माया म्हणावी तर अशी! आठवडाभरात घड्याळ आणखी मलूल झालं.

शेवटी गुपचूप तो मंगळवार पेठेत, घड्याळं-मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दत्तप्रसादच्या दुकानात गेला. दत्तप्रसादनं घड्याळ उघडून बघितलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

‘‘पावणं, ह्ये हातात घालत हुता का तव्यावर भाजत हुता?’’

कृष्णातनं सगळी सेवा सांगितली. दत्तप्रसाद हसला नाही, हे त्याचे उपकार.

‘‘बॅटरी वापरली की म्हातारी व्हतीच. प्रत्येक चार्जिंगला जरा जरा झिजती. पण उन्हाचा, चुलीचा ताप लागला की लवकर झिजती. त्यात तुम्ही तिला तापलेल्या भिंतीवर काठोकाठ भरून ठेवली. पार रिकामी करायची न्हाय, सारखी गच्च भरायचीबी न्हाय. निम्म्याच्या वर असली की तिला बरं वाटतंय.’’

‘‘पण भरल्यावर शंभर दावतंय की!’’

‘‘दावणारच. हाय तेवढं भरलं की त्याला ते शंभर म्हणतंय. पयलं मावत हुतं तेवढं आता मावतंय कुठं?’’

 काहिलीच्या बुडाला जळक्या रसाचा राप धरत जातो, तेव्हा काठापर्यंत भरली तरी आत रस कमीच बसतो. ते कृष्णातला कुणी शिकवायची गरज नव्हती.

‘‘नवा सेल घालतो,’’ दत्तप्रसाद म्हणाला. ‘‘पण ठेवायची जागा बदलली न्हाय तर त्योबी असाच जाणार.’’

घड्याळ तिथंच ठेवून कृष्णात बाहेर आला. आता हात धुण्याची थाप चालणार नव्हती. भर बाजारात, स्कूटरच्या गर्दीत, त्यानं लेकीला फोन लावला.

‘‘घड्याळाची बॅटरी गेली गं. माझ्याच चुकीनं.’’ मग पुढचंही त्यानं सांगून टाकलं, ‘‘आणि दुपारनंतर मला दम लागतोय. सकाळी कसं बेस असतंय, पण दोन काहिली उतरल्या की हात थरथरत्यात. तुला सांगितलं न्हाय. गुऱ्हाळ सोडाय लावशील म्हणून भ्यालो.’’



‘‘मला ठाऊक हाय, आण्णा,’’ अनुजा म्हणाली. ‘‘घड्याळ चालत हुतं तवा रोज दुपारी ठोके चढलेले दिसायचे. डॉक्टरांनाबी दाखवलं. ते म्हणाले, निम्मा दिवस काम करू द्या. पण मी सांगितलं असतं तर तुम्ही घड्याळच काढून फेकलं असतं. तुमच्या तोंडातनं कधी निघतंय, एवढीच वाट बघत हुते मी.’’

‘‘म्हंजे सकाळी जायचं मी?’’

‘‘जावा की. दुपारी घरी या. आणि ते घड्याळ दुरुस्त हू दे न्हाईतर न हू दे, पण आता बोला माझ्याशी. कुठं दुखतंय, कधीपासनं दुखतंय, सगळं सांगा.’’

कृष्णात भाजीवाल्याच्या रिकाम्या पाटीवर टेकला आणि सांगायला लागला. पहिल्यांदा छातीत कळ आली होती तेव्हापासून त्यानं सुरुवात केली, आणि भाजीवाला भेंडी तोलायची सोडून ऐकत उभा राहिला.