वरचा नळ सोडा

"हाताला येतं म्हणून काम आपलं होत नाही," असं तो एकदा बायकोला म्हणाला होता. त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी भिंतीबद्दल फक्त टोमण्यांतून बोलली.

तो गवंडी. भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. साइटवर सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. माणूसही तसाच होता. उंच, बारीक, कमी बोलणारा, आणि एकदा स्थिर झाला की जागचा न हलणारा.

त्याने उभ्या केलेल्या भिंती शहरभर कोरड्या होत्या. त्याच्या भाड्याच्या खोलीतली एक भिंत मात्र ओली होती. वर मालक राहायचे. त्यांच्या बाथरूमचा पाइप त्या भिंतीतून खाली येत होता आणि आत कुठेतरी, कुणाला न दिसता, पाझरत होता. आधी तळहाताएवढा डाग पडला. मग पोपडे सुटले. आईची खाट भिंतीपासून वीतभर सरकली, मग हातभर, आणि आता ती खोलीच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात होती. खोकला खाटेबरोबर सरकत आला. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक वर्ष या ओलीत काढू नका.

"जगाच्या भिंती लिंपता," बायको म्हणायची, "आपलीच तेवढी सावत्र!"

"आज मी लिंपली तर उद्या ती माझी. पुढच्या वर्षी छत माझं. मग जिना."

हे तो उगाच म्हणत नव्हता. आधीच्या खोलीत त्याने उंबऱ्यापासून छपरापर्यंत सगळं स्वतः नीट केलं होतं. खोली देखणी झाली, तशी ती त्या मालकाच्या पुतण्याला आवडली, आणि याला ती सोडावी लागली. या वेळी त्याने करारनामा वाचला, बांधकामाचा नकाशा वाचावा तसा, बोट ठेवून. पाइप आणि भिंती मालकाने सांभाळायच्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याने मालकांना तीन पत्रं पाठवली, पोचपावती घेऊन. उत्तरं जिन्यात मिळाली: "बघू." "बघतो." "बघितलं असतं हो, पण नव्या फरशा फोडाव्या लागतील." मग त्याने भाडेकरूंच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात अर्ज दिला. दर महिन्याच्या एक तारखेला तो ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारी आणि शेजारी तारीख लिही. दीड वर्षाच्या रेघा एकाबाहेर एक पसरत गेल्या होत्या, कापलेल्या खोडावरच्या वलयांसारख्या.

शेवटी पाहणीचा दिवस ठरला, गुरुवार. तो आठवडा त्याचा बाहेरगावच्या साइटवर गेला. गुरुवारी सकाळी तो घरी आला आणि दारातच थांबला.

भिंत गुळगुळीत होती. पांढरीशुभ्र. एक पोपडा नाही, एक रेघ नाही.

"रविवारी तुमचे इथल्या साइटवरचे जोडीदार आले होते," बायको हरखून म्हणाली. "दोघं दिवसभर खपले. चहाशिवाय कशाला हात लावला नाही. म्हणाले, ओळंब्याला कळवू नका, बघू दे आल्यावर." मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "तपासणीला परकी बाई घरात येणार. तिला काय ती तसली भिंत दाखवायची?"

त्याने भिंतीवरून तळहात फिरवला. काम चोख होतं. त्यानेच शिकवलेले हात होते ते.

"छान झालीय," तो म्हणाला.

आता कुठे तिच्या ध्यानात आलं. "अगं बाई!" म्हणत ती खाटेच्या कडेवर टेकली.

"मी सांगत होते हिला," आई म्हणाली. "पण मी बोलले तरी लोकांना वाटतं खोकतेय."

अकरा वाजता तपासणीच्या मॅडम आल्या. मालक आधीच येऊन उभे होते, इस्त्रीच्या शर्टात.

"तक्रार ओलीची आहे ना?" मॅडमनी फाइल बघितली, मग भिंत.

"मॅडम, हे स्वतः मिस्त्री," मालक हसले. "यांच्या घरात ओल राहील कशी?"

मॅडमनी हात लावला. "दमट लागतेय."

"नवा गिलावा दमटच असणार. विचारा यांनाच."

"खरं आहे," गवंडी म्हणाला. "दमटच असतो."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. तक्रार बंद झाली असती, तर पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, निदान एक वर्ष. खाटेवर आई खोकली.

"पाच मिनिटं द्या, मॅडम," म्हणून त्याने पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. बायकोने मान फिरवली. जोडीदारांचा रविवार तुकड्यातुकड्यांनी खाली पडू लागला.

"बघा, बघा! घर फोडतोय माझं!" मालक ओरडले.

आत काळी वीट दिसली, ती काढल्यावर मागे पाइपचा सांधा. त्याने जुन्या टॉवेलने सांधा पुसला, पुन्हा पुसला, आणि मॅडमना बोट लावायला सांगितलं.

"कोरडा," मॅडम म्हणाल्या.

"आता वरचा नळ सोडा."

"वर कुणी नाही," मालक घाईने म्हणाले. तेवढ्यात वर भांडं पडलं. गवंड्याची बायको उठून जिन्यात धावली. "वहिनी, जरा बाथरूमचा नळ सोडता का?"

"सोडते की!" वरून आवाज आला. "पण ह्यांनीच बजावलंय ना, दुपारपर्यंत नळाला हात लावू नकोस म्हणून?"

हसली फक्त आई, आणि ते हसूही खोकल्यातच गेलं.

सांध्याखाली आधी एक थेंब जमला. लोंबला, पडला. दुसऱ्याला कमी वेळ लागला. मग धार लागली, दोऱ्याएवढी, सरळ, फोडलेल्या गिलाव्यावर टपटपणारी. मॅडम ते बघतबघतच लिहीत होत्या. "पाइप आणि भिंत, दोन्ही. मालकाने. तीस दिवसांत. बघायला मी स्वतः येणार."

मालकांनी कपाळ पुसलं. "पाइपचं करतो, मॅडम. पण भिंत यांनी फोडली, तुमच्यासमोर. तेवढी यांनीच लिंपावी. यांच्या हातचा मळ आहे तो." मग गोड आवाजात, "काय मिस्त्री? माणुसकी म्हणून?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मॅडमचं पेन थांबलं. बायकोने खाली पडलेली त्याची पिशवी उचलली, झटकली आणि पिशवीचं तोंड उघडून त्याच्यासमोर धरली.

त्याने छिन्नी आणि हातोडी पिशवीत ठेवली, ती खांद्याला अडकवली, ढिगाऱ्यावरून पाय उचलून टाकला, आणि कामावर निघून गेला.