आईचा हात

मार्लिस हकालाने एकोणीस वर्षं शाळेची बस चालवली आणि कविता केल्या. मासिकांच्या 'साभार परत'च्या चिठ्ठ्यांनी बुटांचे तीन खोके भरले. अमेरिकेतल्या डुलुथ गावात तिच्या कवितेचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. मग आई गेली आणि तिने 'आईचा हात' लिहिली: इस्पितळातली शेवटची संध्याकाळ, लेकीच्या हातात आईचा हात. त्या एका कवितेने नशीब उघडलं. पुस्तक निघालं, बक्षीस मिळालं, कॉलेजात शिकवायची नोकरी लागली.

फक्त त्या संध्याकाळी ती तिथे नव्हतीच. शिकागोच्या एका पुस्तकांच्या दुकानात अकरा माणसांपुढे कविता वाचत होती. इस्पितळात थोरला भाऊ ड्वेन होता. कवितेतली 'मी' म्हणजे कवयित्री नव्हे, असं ही कवी मंडळी एकमेकांना बिनदिक्कत सांगतात. तिनेही स्वतःला तेच सांगितलं. भावाला कोण सांगणार?

नऊ वर्षांत ड्वेनने त्या कवितेबद्दल चकार शब्द काढला नव्हता की तिच्या वाचनाला फिरकला नव्हता. आज शनिवारी दुपारी मात्र तो गावच्या वाचनालयात पहिल्या रांगेत येऊन बसला, गोदीवरचं जाड जॅकेट अंगात तसंच.

तिने ती कविता टाळली. बदकांची वाचली, बर्फाची वाचली. इथे कवितांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. आवडलं की लोक घशातल्या घशात हुंकार देतात. ड्वेन हूं की चूं करेना.

"अगं, 'आईचा हात' राहिली की!" ग्रंथपाल नोरीन म्हणाली. "त्याशिवाय केकला हात लावू देणार नाही कुणाला."

लोक हसले. ड्वेनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हा आता सगळ्यांदेखत उठून आपलं पितळ उघडं पाडणार, अशी मार्लिसची खात्रीच झाली. रक्ताचं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं तिला. नाव आणि नोकरी गेली खड्ड्यात! ती वाचू लागली आणि हाताच्या ओळीपाशी छापलेलं सोडून म्हणाली, "आईचा हात माझ्या भावाच्या हातात होता. मी नव्हते तिथे."

लोकांनी चांगला लांबलचक हुंकार दिला. त्या लोकांना सगळंच आवडतं.

केकच्या टेबलापाशी ड्वेनने तिला गाठलं. त्याच्या हातात तिचं पुस्तक होतं, त्या कवितेच्या पानापाशी दुमडून दुमडून फाटायला आलेलं.

"का बदललंस, मार्ली?"

"खरं तेच म्हटलं. तू होतास, मी नव्हते."

"मी कुठे होतो? खाली गाडीत बसून सिगरेट ओढत होतो. वर गेलो तर सगळं संपलेलं. कुणीच नव्हतं गं तिच्याजवळ. तुझ्या पुस्तकात तरी तू होतीस. म्हणून वाचतो मी ते. आज तुझ्या तोंडून ऐकायला आलो होतो."

त्याने पान उघडून तिच्यापुढे धरलं.

"परत वाच. छापलंय तसं."

केकच्या बशा हातात घेऊन लोक उभे राहिले. तिने वाचलं, आणि त्या ओळीला ड्वेनने घशातल्या घशात हुंकार दिला.